बसायची जागा

३ डिसेंबर, शुक्रवार
पोचले एकदाची! वेळ्ळैमुनै बेट, समुद्रातल्या कालवांचं संशोधन केंद्र, आणि मी वेण्णिला, पीएच.डी.ची नवी विद्यार्थिनी. या एका जागेसाठी दोन वर्षं चपला झिजवल्या. तेन्कासीहून निघताना अप्पांनी एकच अट घातली: पोंगलला घरी यायचं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पोंगलचा भात एकट्याने शिजवायचा म्हणजे काय ते मला कळतं, म्हणून लगेच हो म्हटलं.

तुत्तुकुडीहून होडीवाला सूसै अण्णा घेऊन आला. दर शुक्रवारी तोच भाजी आणि गोडं पाणी आणतो. बोलायला तिखट. "तंगच्ची, धाकटी बहीण म्हणून सांगतो, तिथं उभ्यानं खा, उभ्यानं लिही. बूड टेकलंस की संपलीस," म्हणाला. मी म्हटलं, अण्णा, गाईड बसू देईल तर ना! तो हसला नाही.

५ डिसेंबर
ओसरीवर चुन्याचा लांब कट्टा आहे. त्यावर माझे गाईड चेल्लदुरै सर बसतात आणि शेजारी जेसिंता अक्का. ती सहा वर्षं इथेच प्रबंध लिहितेय. दोघांच्या मांडीवरून जमिनीपर्यंत चादर, वारा बोचतो म्हणे. मला दोघं अजून उठलेली दिसली नाहीत. भरती आली की बोलायला लागतात, ओहोटीला चिडीचूप. विद्वान माणसं, चालायचंच. मी सांबार-भात रांधून हातात ताटं देते आणि उभी राहते. गाईडसमोर बसायचं नसतं, हे आमच्याकडे शाळेपासून अंगात भिनलेलं.

उजाड झालेला कालवांचा खडक पुन्हा जिवंत करायचा, हे आमचं काम. सर शिकवतात फार सुंदर. कालवाचं पिल्लू तिळाहून लहान. त्याला एक पाय असतो, डोळ्याचा ठिपका असतो. थोरल्या कालवांचा वास काढत ते येतं, पायाने जागा चाचपतं, पसंत पडली की स्वतःला चिकटवून घेतं. मग पाय जिरतो, डोळाही जिरतो. "करायचेत काय? जागा तर मिळाली!" सर म्हणाले. मी पोट धरून हसले.

१७ डिसेंबर
आज सरांनी मला बसायला सांगितलं! "उभी का, कण्णु? बस की. तुझीच जागा आहे," लाडाने म्हणाले. अक्काने हाताने कट्टा पुसून दिला. गाईडने दिलेला असा मान नाकारणारी मुलगी आमच्याकडे अजून जन्मायची आहे. कट्टा उबदार होता. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. उठताना चुडीदार थोडा चिकटला. चुना ओला असेल.

२६ डिसेंबर
रोज बसते. काम झरझर होतं. पण आज उठताना मांडीची कातडी सोलून निघाली. अक्का म्हणाली, "सारखी उठतेस कशाला गं? पायाला भिंगरी असलेल्यांचे प्रबंध होत नसतात."

तेवढ्यात वाऱ्याने तिची चादर उडाली.

खाली पाय नव्हते. पांढरं, खडबडीत, थरावर थर चढलेलं काहीतरी. कट्टा कुठे संपतो आणि अक्का कुठे सुरू होते, कळेना.

धक्क्यापर्यंत पळत सुटले. फोन तिथेच लागतो. अप्पांना म्हटलं, पोंगलच्या आधीच येतेय. खूश झाले. नवं पातेलं आणलंय म्हणाले. मला रडू आवरेना, पण आवाजात कळू दिलं नाही. होडी शुक्रवारी येईल.

२९ डिसेंबर
धक्क्यावरच राहायचं ठरवलं होतं. पण वास येतो. ओला, खारट, आईच्या पदरासारखा. पाय आपले आपण ओसरीकडे वळतात. दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा —

बसले.

३१ डिसेंबर
होडी आली. सूसै अण्णा धक्क्यावरून ओरडत होता, "रांगत ये तंगच्ची, पण ये!" केंद्राच्या आवारात पाऊल टाकायला तो तयार नाही. मी दोन्ही हातांनी स्वतःला रेटलं. टरकन फाटलं — चुडीदार नव्हे. ओ द्यायला गेले तर ओहोटी. माझंही तोंड उघडेना. सरांसारखंच. अक्कासारखंच.

होडी गेली.

७ जानेवारी
गुडघ्याखाली काही नाही. अक्काने माझ्याही मांडीवर चादर पसरलीय. दुखत नाही, याचीच जास्त भीती वाटते. भूकही नाही. भरतीचं पाणी ओसरीवर येतं, तेवढं पुरतं.

१४ जानेवारी
पोंगल. सणाची होडी नाही, गेल्या शुक्रवारीही नव्हती. अप्पांचं दूध उतू गेलं असेल. "पोंगलो पोंगल" एकटेच ओरडले असतील. उजव्या डोळ्याने दिसत नाही. डावा —

१८?
सगळं काळं. ओळ अंदाजाने. भरतीला खूप ओरडले — अण्णा, अप्पा, कुणीही — अक्का म्हणते ओरडतेस कशाला, आता तुझ्या वासाने येईल कुणीतरी.

माझ्या वासाने.

शुक्रवार
इंजिन. होडी. पावलं — चपला ओढत चालणं — अप्पा!

सूसै अण्णा लांबून ओरडतोय, बसू नका अय्या, उचला तिला आणि चला. अप्पा हसून म्हणतात, "अरे, पहाटेपासून बसमध्ये उभा होतो. दोन मिनिटं टेकलो तर जीव जातो काय?"

केसांवरून त्यांचा हात. गुळाचा वास. माझ्यासाठी पोंगल आणलाय.

ओहोटी. तोंड उघडत नाही —

शेजारी अक्का कट्टा पुसतेय. ऐकू येतंय.

लिहिता लिहिताच वही त्यांच्याकडे वळवते. अप्पा वाचा. बसू नका. इथे बसू नका

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. म्हणतात, "थांब गं, जरा टेकून नीट वाचतो —"

अप्पा उभे रा