बर्फातून चालत गेलं कोण?

प्रिय दादा,

काल तुझं तेराव्याचं जेवण झालं. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. दुःखानं असेल असं सगळ्यांना वाटतंय. खरं सांगू? रागानं!

पानं उठल्यावर तुझा बँकेतला मित्र बोलायला उभा राहिला आणि त्यानं तोच किस्सा सांगितला. जपानात निक्कोला बर्फात गाडी अडकली, तेव्हा बायको-मुलीला आणि बहिणीला वाचवायला तू एकटा गुडघाभर बर्फ तुडवत मदत आणायला गेलास, तो. सगळ्यांनी डोळे पुसले. आणि तुझी आठ वर्षांची ईशा वहिनीला म्हणाली, "आई, बाबांनी मला वाचवलं होतं ना?"

वहिनी म्हणाली, "हो."

हो म्हणाली रे ती! आणि मी, सगळं डोळ्यांनी पाहिलेली, मठ्ठासारखी ताटल्या गोळा करत राहिले.

म्हणून आज तुलाच विचारते. कोण गेलं होतं चालत?

त्र्याण्णवच्या जानेवारीत मी योकोहामाला तुमच्याकडे दोन महिने राहायला आले होते. "नीलू, तुला खरा बर्फ दाखवतो," म्हणून तूच हौसेनं गाडी भाड्यानं घेतलीस. निघताना गाडीवाल्यानं डिकी उघडून बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना बांधायच्या साखळ्या दाखवल्या, कशा लावायच्या तेही सांगायला लागला. तू "दाइजोबू, दाइजोबू" म्हणत किल्ली घेतलीस. काही काळजी नाही म्हणे!

इरोहा घाटाच्या पायथ्याशी लोक रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून साखळ्या बांधत होते. वहिनी म्हणाली, "अहो, सगळे लावतायत. मी विचारू का त्यांना? दाखवतील."

"गाडी मी चालवतोय की तू?"

तुला साखळ्या लावता येत नव्हत्या, एवढंच होतं ना? आणि शेजारणीकडून शिकलेल्या तिच्या त्या जपानीत, ज्याला तू "भाजीबाजाराचं जपानी" म्हणून हसायचास, तिनं तुझ्यासाठी विचारावं हे तुला सोसवलं नसतं. एवढ्याशा गोष्टीसाठी, दादा!

घाट कसाबसा चढलो. चुझेन्जी तलाव मागे टाकला आणि पुढच्या उघड्या माळावर बर्फ भुरभुरायला लागला. एका वळणावर गाडी फिरली आणि मागच्या अंगानं कडेच्या ढिगात रुतली. कुणाला खरचटलंही नाही. तू हीटर चालू राहावा म्हणून इंजिन सुरू ठेवलंस. "येईल कुणीतरी," म्हणालास.

कुणी आलं नाही. माझं डोकं ठणकायला लागलं. तीन वर्षांची ईशा माझ्या मांडीवर पेंगायला लागली. थंडीनं पेंगतेय असंच मला वाटलं. वहिनीनं तिला दोनदा हाक मारली, गालावर चापट्या मारल्या. मग एकदम हात घालून इंजिन बंद केलं.

"वेडी आहेस का? पोर गारठेल!" तू पुन्हा किल्ली फिरवलीस.

"मागची धुराची नळी बर्फात गेलीय. धूर आत येतोय. टीव्हीवर सांगतात रोज!"

तू ऐकेनास. तेव्हा तिनं किल्ली सरळ उपसली आणि कोटाच्या खिशात टाकली. मला म्हणाली, "नीलू, दोन्हीकडची दारं उघड. हिला झोपू देऊ नकोस, गाणी म्हण, काहीही कर. मागे एका दुकानाची पाटी दिसली होती, मी जाऊन येते." आणि गेली. साडीवर लांब कोट, पायात साधे बूट. तू खाली उतरून तिच्या नावानं ओरडलास. चार पावलं तरी गेलास का मागे? नाही. परत येऊन सीटवर बसलास.

तासाभरानं ती एका म्हाताऱ्या दुकानदाराला आणि बर्फ उपसायच्या गाडीला घेऊन आली. म्हाताऱ्यानं फावड्यानं नळीभोवतीचा बर्फ काढला आणि तुझ्याकडे बघत तावातावानं बोलला.

"काय म्हणतोय?" तू विचारलंस.

"नशीबवान आहात म्हणतोय," वहिनी म्हणाली.

तो काय म्हणाला होता, ते तिनं मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. आणखी थोडा वेळ इंजिन चालू असतं, तर पोरगी उठलीच नसती.

तिच्या डाव्या पायाच्या दोन बोटांना आजही काही कळत नाही, ठाऊक आहे ना? "बाईसाहेब चुकीचे बूट घालून आल्या," असं सांगून तू लोकांना हसवायचास!

पहिल्यांदा तू तो किस्सा उलटा सांगितलास, तो योकोहामाच्या घरात, ऑफिसातल्या लोकांसमोर. "ही गाडीत रडत बसली, मग मीच निघालो." वहिनी पुऱ्या वाढत होती. मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. "वहिनी, अगं बोलत का नाहीस?" ती म्हणाली, "हे घाबरले होते गं खूप. सांगू दे एकदा." पुढे पुण्याला आलात तेव्हा पुन्हा विचारलं. म्हणाली, "पहिल्यांदा टोकलं नाही. आता टोकलं तर मीच खोटी ठरेन."

मी तरी कुठे बोलले? तू मला सायकल शिकवलीस, घरच्यांशी भांडून मला कॉलेजला घातलंस. तुझ्याविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे पाप वाटायचं. तो राग माझा माझ्यावरच आहे.

आणि एक सांगते. नंतर त्या म्हाताऱ्याच्या दुकानात स्टोव्हपाशी ईशा सूप प्यायला लागली, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून रडलास. मी पाहिलं. म्हणजे तुला सगळं कळलं होतं! तेवढंच खरं सांगितलं असतंस रे. चुकलो, घाबरलो, बायकोनं वाचवलं. कुणी हसलं असतं का तुला? आणि आता चाळिशीत, असा एका दुपारी खुर्चीतल्या खुर्चीत गेलास. भांडायला सुद्धा थांबला नाहीस!

आज सकाळी वहिनीला म्हटलं, मी ईशाला सांगणार. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाचं आता कशाला?" मी म्हटलं, "गेलेल्यासाठी नाही. तू आहेस ना अजून?" तिनं खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. मग म्हणाली, "मी शेजारी बसेन. पण सांग तू."

तर दादा, माझा शब्द आहे. उद्या ईशाला जवळ घेऊन सगळं सांगेन, तुझ्या रडण्यासकट. तुला वाईट ठरवणार नाही. पण "मला कुणी वाचवलं?" याचं उत्तर तिला आता खरंच मिळेल, आणि तेही तिच्या आईच्या देखत.

तुझ्यावर अजून रागावलेली,
नीलू