चार हातांचा ठराव

होसूर, २ मार्च

ती. अण्णा, नमस्कार.

१. रविवारी तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर घेऊन घरात मतदान घेतलं.
२. ठराव असा: मोनिकाने वडिलोपार्जित शेतातला हिस्सा भावांना सोडून द्यावा.
३. तुम्ही, मल्हारीकाका, दादा आणि पप्पूने हात वर केले. आई चहा ठेवत होती. तिला कुणी विचारलं नाही.
४. मी नाही म्हटलं.

काका हसले, "चारास एक! लोकशाही हाय पोरी, मंग कशाला ताणून राह्यली?"

घराला रंग कोणता द्यायचा, ते बहुमताने ठरवा. हिस्सा कायद्याने माझा आहे. आपला देश प्रजासत्ताक आहे, म्हणजे बहुमताच्याही वर राज्यघटना आहे. एकटीचा हक्क चौघांनी हात वर केले म्हणून जात नाही. सव्वीस जानेवारीला दरवर्षी झेंडावंदनाला पहिल्या रांगेत उभे राहता, आणि हे मी तुम्हाला सांगायचं?

इथे कारखान्यात माझं बराबर चाललंय. जेवते वेळेवर. तुमचा गुडघा कसा आहे? आई काही बोलली का?

सोळा तारखेला भोकरदनला हक्कसोडपत्रावर सही करायला मी येणार नाही. पाडव्याला घरी येऊ की नको, ते बारा तारखेपर्यंत कळवा. त्यावर मतदान घेऊ नका. तुम्ही एकटेच लिहा.

तुमची,
मोनिका