मुंगीची रजा

३ डिसेंबर

चि. मुंगीस, दादाचे अ. उ. आ.

वि. वि. तुमच्या तिकडच्या परदेशातल्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात हिवाळाभर कुणाचा ना कुणाचा सण असतो, हे वाचून आईला कौतुक वाटलं, मला संशय आला. ज्यूंकडे रोज एक दिवा वाढतो, ख्रिस्ती लोकांकडे नाताळचं झाड येतं, बॉयलरवाल्याचे उपास. आणि सगळ्यांच्या वाटच्या चादरी सहा हिवाळे तूच धुतेस! पहिल्याच वर्षी 'थंडीत माझा काही सण नसतो' असं सांगायला तुला कुणी सांगितलं होतं? सर्वधर्मसमभाव चांगलाच, पण तो दरवेळी तुझ्याच रजेवर का चालतो?

आईची नजर फार अधू झाली आहे. डॉक्टर म्हणतात, मार्चपर्यंत माणसं ओळखू येतील. पुढचं बोलत नाहीत. 'मुंगीला कळवू नकोस' असं ती म्हणाली, म्हणून कळवतो आहे. या खेपेला ये.

लोभ आहेच, तो वाढवत बसण्यापेक्षा इथं येऊन वापर.

तुझा दादा

११ डिसेंबर

ती. दादास, सा. न.

पत्र हातात घेऊनच मुकादमबाईंपुढे उभी राहिले. रजेच्या अर्जात सणाचं नाव लागतं. मी 'आई' लिहिलं. हा सण यादीत नाही म्हणाल्या, आणि सही केली. आठ दिवस! इस्त्रीवालीनं तर मला मिठीच मारली. तिनंही स्वतःच्या आईला तीन वर्षं पाहिलेलं नाही.

आईला सांग, मी चांगली जाड झाले आहे. शोधावं लागणार नाही.

तुझी मुंगी

२० डिसेंबर

ती. दादास, सा. न.

आधी चिडून घे, मग पुढे वाच.

इस्त्रीवालीच्या आईला झटका आला. तिच्या धर्माच्या सणाच्या रजा केव्हाच वाटून झाल्या होत्या. उरली होती ती माझी. तिनं मागितली नाही रे. एकच उशीची खोळ चारदा इस्त्री करत राहिली. मी जाऊन रजा तिच्या नावावर करून आले. मला आता मे महिन्यात मिळेल. मे म्हणजे काय, ते मला कळतं.

आईला तूच सांग. माझी जीभ रेटत नाही.

मुंगी

२ जानेवारी

चि. मुंगीस, आशीर्वाद.

तुला शिव्या घालण्यात चार कागद वाया गेले. सगळ्या जगाच्या लेकी माहेरी पोचवायचा मक्ता तूच घेतला आहेस, वगैरे. चारही फाडले आणि आईला सांगितलं. दुपारी तिनं हाक मारून कागद-पेन घ्यायला लावलं.

विचारते आहे, ती पोरगी वेळेत पोचली का? आईनं तिला ओळखलं का? ओळखल्यावर पहिला शब्द काय काढला? हात धरला, की तोंडावरून हात फिरवला? वाळली आहेस म्हणाली का? इस्त्रीवाली परतली की सगळं नीट विचारून घे, आणि सविस्तर लिही. काही गाळू नकोस.

मी म्हटलं, परक्या माय-लेकींचं ऐकून तुला काय करायचंय? तर म्हणाली, तू लिही गपचूप.

म्हणून लिहिलं.

दादा