एकेचाळीस वेळा पाहिलेला व्हिडिओ

चिमीच्या आईस, मनापासून आठवण.

माझा गाणी-व्हिडिओचा छोटा प्लेअर बिघडलेला नाही, हे आज दुरुस्तीवाल्याने सांगितलं. बॅटरी उतरते, कारण तो दिवसभर चालू असतो. मी घरून निघताना तू भरून दिलेला चिमीच्या पडलेल्या दाताचा व्हिडिओ एकेचाळीस वेळा पाहिल्याची नोंद त्यात आहे. मी फार तर दहादा पाहिला असेन.

मी कामावर असताना खोलीत फक्त माझ्यासोबत राहणारा आचारी असतो. विचारलं तर म्हणाला, "तुझ्या त्या डबड्यात हजारो गाणी असतील, मला काय कळतंय त्यातलं?" आणि काल जेवताना सहज म्हणतो, "काय रे, पोरीला नवा दात आला का?" दाताचं मी त्याला कधी बोललोच नव्हतो.

त्याला मूलबाळ नाही, लळा लागला असेल. पण त्याच व्हिडिओत तू म्हणतेस, घराची किल्ली मीटरच्या पेटीत ठेवलीय. ती आधी तिथून काढ.

माझी तब्येत ठणठणीत आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

आचारी सुट्टीवर गावी निघालाय. पुढच्या रविवारी वाटेत "वहिनींना भेटून जातो" म्हणाला. पत्ता मात्र त्याने मागितला नाही. चहा दे, पण त्या दिवशी तुझ्या भावाला सकाळपासून घरी बसवून ठेव.

तुम्हा सगळ्यांचा,
चिमीचा बाबा