रोरातेतला दुसरा आवाज

यावोर्नित्से,
आगमनकाळाचा तिसरा शुक्रवार

प्रिय प्रोकोप यास अनेक आशीर्वाद. आणि धर्मप्रांताच्या संगीत समितीचे सदस्य फादर प्रोकोप यांना सादर प्रणाम. (तू माझा धाकटा मावसभाऊ असल्याने पहिला भाग तुझ्या वाट्याचा, आणि पत्राचे काम समितीकडे असल्याने दुसरा. दोन्ही एकाच माणसाला पोहोचतात ही माझी सोय. तिचा गैरफायदा मी घेत नाही, केवळ फायदा घेतो.) थंडीमुळे तुझ्या गुडघ्यांचे दुखणे वाढले असेल असे गृहीत धरतो. डॉक्टरांनी तुझी बिअर बंद केल्याचे कळले. ती प्रत्यक्षात बंद आहे की केवळ पत्रांतून बंद आहे, ते कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. मन शांत आहे. पुढील मजकूर त्याच शांत मनाने लिहिला आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

नाताळपूर्वीच्या या आठवड्यांत पहाटेच्या अंधारात चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सेची रोराते-गीते आपल्या गावी आजवर कोणी चालवली, हे तुला सांगायला नको. संग्रहालयातील जुन्या हस्तलिखितावरून त्या गीतांची शुद्ध आवृत्ती मी सिद्ध केली. तिच्यात गीतांपेक्षा तळटिपा अधिक आहेत, आणि असायलाच हव्यात. त्या आवृत्तीप्रमाणे आम्ही चार वयस्कर पुरुष, ऑर्गनविना, एका सुरात गात असू. लोकांनी गायचे नसते, ऐकायचे असते, हा माझा सिद्धांत. आणि लोक त्याचा इतका आदर करीत की बहुतेक जण ऐकायलाही येत नसत. ब्लाझेना आजी येत (त्यांना पहाटे झोप लागत नाही), आणि चर्चचा सेवक येई, कारण दार त्यालाच उघडावे लागे. शुद्धतेला एवढा श्रोतृवर्ग पुरतो.

गेल्या वर्षी जुने फादर निवृत्त झाले आणि फादर हिनेक आले. माणूस तरुण, हसतमुख आणि निर्णयाच्या बाबतीत चिंताजनक वेगाचा आहे. त्यांनी माझी आवृत्ती हातात घेतली, तिचे वजन अजमावले आणि (मी ग्रंथांचा डॉक्टर, औषधांचा नव्हे, हे ठाऊक असल्याने आदरपूर्वक) म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हे फार मोठं काम आहे. ते जपून ठेवायला हवं.” ते त्यांनी खरोखरच जपून ठेवले, कपाटात. रोराते त्यांनी डोब्रोमिलाबाईंकडे सोपवली. या बाई पूर्वी आपल्या पोस्टात खिडकीवर बसत. गावातील संगीतशाळेत लहानपणी ऑर्गन शिकल्या, एवढीच त्यांची पात्रता. उजव्या हाताने वाजवतात आणि डावा हात ऑर्गनच्या माडीच्या कठड्यावरून बाहेर काढून खालच्या लोकांना गाण्याची खूण करतात, जणू पुढच्या माणसाला खिडकीशी बोलावीत आहेत. आणि लोक गातात. जी लोकप्रिय चाल माझ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मी अकरा कारणे देऊन अग्राह्य ठरवली आहे, तीच गातात. चर्च भरते, प्रोकोप. उभे राहायला जागा नसते. माझ्या नेहमीच्या जागेवर आता गवंडीकाम करणारे एक कुटुंब बसते, आणि ते सर्व जण मला अत्यंत आदराने सरकून जागा देतात, हे अधिकच असह्य आहे.

तू म्हणशील, हा मत्सर आहे. मत्सर ही भावना आहे आणि मी येथे युक्तिवाद करीत आहे. दोन्हींची गल्लत करू नये. गर्दी हा परिणाम होय. त्याचे कारण डोब्रोमिलाबाईच आहेत, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. माझे पहिले अनुमान असे होते की लोक गाण्यासाठी नव्हे, तर मिस्सेनंतर फादरांच्या घरी मिळणाऱ्या चहासाठी आणि वानोच्कासाठी येतात. (तो पाव वेणीसारखा गुंफलेला असतो आणि बदाम सढळ हाताने घातलेले असतात. आमच्या काळी मिस्सेनंतर काहीच मिळत नसे, आणि त्या बाबतीत कोणाची तक्रार आली नव्हती.) सुदैवाने त्याच आठवड्यात पाव भाजणाऱ्या बाई तापाने आजारी पडल्या. ‘सुदैवाने’ हा शब्द मी केवळ परीक्षणाच्या दृष्टीने वापरला आहे. दुसऱ्या पहाटे वानोच्का नव्हता, आणि चर्च भरलेले होते. मग मी बाकांखालच्या नव्या विजेच्या शेगडीकडे वळलो. सोमवारी ती बिघडली (मी त्या दिवशी बटणाजवळही गेलो नव्हतो, साक्षीदार आहेत). लोक घोंगड्या घेऊन आले. उरले नावीन्य; पण हा बाईंचा दुसरा आगमनकाळ आहे, आणि गेल्या वर्षीपेक्षा गर्दी वाढलेली आहे. आता एकच अनुमान शिल्लक राहते, की लोकांना गायला आवडते. ते मला मान्य नाही. परंतु त्यातला हेत्वाभास अद्याप सापडलेला नाही. शोध चालू आहे.

अशा स्थितीत बुधवारी मी प्रत्यक्ष कृतीचा मार्ग अवलंबला. माझ्या आवृत्तीतील चाल लोकप्रिय चालीच्या दोन सूर खालून जाते, हा आमच्यातील मुख्य वाद आहे. मी ठरवले की सगळ्यांच्या मधोमध बसून शुद्ध चाल इतक्या स्पष्टपणे गायची की चुकीच्या चालीला आपोआप लाज वाटावी. पहिल्या कडव्याला माना वळल्या. शेजारी ब्लाझेना आजी होत्या, त्यांनी मला कोपराने ढोसले आणि मिस्सा चालू असताना विचारले, “काय हो डॉक्टर, हा आवाज इतकी वर्षं कुठे दडवून ठेवला होता? आम्हाला वाटायचं तुम्हाला तोंड उघडताना त्रास होतो.” मी दुर्लक्ष केले. दुसऱ्या कडव्याला गवंड्याने लोकप्रिय चाल सोडून माझी धरली. वरचा सूर त्याला पोहोचत नसावा. पण सत्याकडे कोणी कोणत्या वाटेने येते, याची मी चौकशी करीत नाही. तिसऱ्या कडव्याला डावीकडचे सगळे पुरुष माझ्याकडे आले होते. स्त्रियांनी मात्र आपली जुनी चाल सोडली नाही, आणि बाईंनी वरून ऑर्गन असा काही सौम्य केला की दोन्ही चाली एकमेकींच्या अंगाने चालत गेल्या. ते जे काही झाले, ते कानाला वाईट नव्हते. (यावरून एखादा उथळ वाचक म्हणेल की हस्तलिखितातील चाल मुळातच दुसऱ्या आवाजाची, म्हणजे मुख्य चालीला खालून साथ देणारी, असावी. या शंकेचे निरसन मी एका तळटिपेत केले आहे. ती तळटीप सध्या पुन्हा वाचतो आहे.)

चहाच्या वेळी मी भिंतीशी उभा राहून अभिनंदनाची वाट पाहत होतो. फादर हिनेक कप घेऊन उठले आणि म्हणाले, “डोब्रोमिलाबाई, आज तुम्ही दुसरा आवाज बसवलात तो ऐकून अंगावर काटा आला. कधी तालीम घेतलीत?” टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, “अहो, माझं काही नाही त्यात. डॉक्टरसाहेबांनी केलं. मी नुसती मागोमाग गेले.” यावर ब्लाझेना आजी आजूबाजूच्यांना म्हणाल्या, “बघा, मन किती मोठं बाईचं. बिचाऱ्या म्हाताऱ्याला सुद्धा वाटा देते.” आणि टाळ्या पुन्हा पडल्या, पहिल्यापेक्षा जोरात, आणि बाईंसाठीच. प्रोकोप, माझे श्रेय त्यांनी घेतले असते तर मी त्यांना दोष देऊ शकलो असतो. त्यांनी ते सर्वांसमक्ष परत केले आणि तरीही ते त्यांच्याकडेच राहिले. तर्कशास्त्रात या प्रकाराला नाव नाही.

त्यानंतर त्या माझ्यासाठी वानोच्काचा शेवटचा, बदाम असलेला तुकडा घेऊन आल्या. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, उद्यापासून वर माडीवरच या की. तुम्ही खालून ओढता, मी वरून ओढते, मधे लोकांची फरपट होते.” मी त्यांना सांगितले की तत्त्वाच्या प्रश्नावर मी जागा बदलीत नाही. त्या म्हणाल्या, “बरं, मग तत्त्वाला पण घेऊन या. बाकावर जागा आहे.” तुकडा मी खाल्ला. अन्न टाकू नये.

म्हणून सोबत रीतसर तक्रार जोडली आहे. ती समितीपुढे ठेवून येत्या आठवड्यातच आदेश मिळवावा, ही विनंती: यावोर्नित्से येथे रोराते ऑर्गनविना, केवळ पुरुषांनी, माझ्या आवृत्तीप्रमाणे गावी आणि लोकांनी ऐकावे. व्यक्तिगत द्वेष नाही. माझे जन्मभराचे काम कपाटात पडू नये, एवढीच इच्छा आहे.

गुडघे जपावेत.

तुझा वडीलबंधू,
क्विडो झावोर्का

ता. क. तक्रार सध्या तुझ्याकडेच असू दे. नाताळापूर्वी आदेश आल्यास ऐन सणात गोंधळ होईल, आणि नाताळानंतर रोराते नसतेच, त्यामुळे आदेशाला विषय उरणार नाही. ही अडचण पत्र लिहून झाल्यावर ध्यानात आली.

ता. क. दुसरा: स्मशानातल्या प्रार्थनेला तू घालतोस तो जाड लोकरीचा काळा झगा लगेच पाठवावा. ऑर्गनच्या माडीवर खालच्यापेक्षा पुष्कळ थंडी असते. नळ्यांमधून वारा थेट मानेवर येतो. गुरुवारी सकाळी मी तेथे होतो, केवळ निरीक्षणासाठी. आजही होतो. निरीक्षण अपुरे आहे. गवंडीही आता वरच येतो. त्याला दुसऱ्या कडव्यातली उतरण अजून जमत नाही, म्हणून आज संध्याकाळी त्याच्या घरी जाणार आहे. कपाटातून आवृत्तीची प्रत मागून घेतली आहे. बाईंनी तिच्यावर पेन्सिलीने श्वासाच्या जागा दाखवल्या आहेत. एकही जागा चुकलेली नाही; मी तपासले.

ता. क. तिसरा: शेवटच्या रोरातेला झगा स्वतःच घेऊन आलास तर उत्तम. डाव्या बाजूला माडीच्या खाली उभा राहा; तिथून दुसरा आवाज पहिल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतो. नंतर चहाच्या वेळी तो कोणी बसवला असे मोठ्याने विचार. फक्त डोब्रोमिलाबाईंना विचारू नकोस. त्या खरे सांगतील आणि पुन्हा टाळ्या घेऊन जातील. मला विचार.