कामाचे क्रेडिट

२ जून २०२५

१. जितेश, राहणार जूचंद्र, पाणीपुरवठ्यात अकरा वर्षं व्हॉल्व्हमन. बारावी पास. मी त्याच खात्यात कनिष्ठ अभियंता.
२. दोन वर्षं आम्ही लग्न करणार होतो.
३. पप्पांनी विचारलं, किती शिकलाय? मी जितेशला म्हटलं, पप्पांना पदवीधर हवा.
४. तो म्हणाला, पप्पांचं कललं. तुजं काय?
५. मी म्हटलं, डिग्री केलीस तर प्रश्नच उरत नाही.
६. त्याने बाईक काढली. बोलणं बंद, आज सतरावा दिवस.

निष्कर्ष: काही तुटलेलं नाही. काम तात्पुरतं बंद आहे.

९ जून

विलास सरांनी (उपअभियंता, माझे वरिष्ठ) नवी योजना माझ्याकडे दिली. नोकरीत राहून पदवी. निम्मे क्रेडिट रोजच्या कामाचे, तीस तासांना एक. विद्यापीठ तयार आहे. योजना सर्व कर्मचाऱ्यांसाठी. सोयीसाठी मी एकच कर्मचारी डोळ्यांसमोर ठेवला.

१२ जून

मसुदा वाचून जागृती (आस्थापना, शेजारचं टेबल) म्हणाली, अनुभव बरोबर अकरा वर्षं कशाला गं? जूचंद्रचा रहिवासी हवा, तेही घालून टाक.

अट बदलून दहा वर्षं केली. जागृतीला टेक्निकल बाबी समजत नाहीत.

४ जुलै

एकोणीस अर्ज. त्याचाही आहे. विलास सरांनी सगळ्यांना भरायला लावले, पण ते गौण. मला मॅडम म्हणाला. ऑफिसची शिस्त. चांगलं लक्षण.

१८ जुलै, दुपारी ३

आचोळे. मेन लाइनला गळती. माझ्या प्रेशर रीडिंगप्रमाणे चौकात खणलं. कोरडं. जितेशने सळई रस्त्यावर टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं. म्हणाला, पानी हितं नाय मॅडम, पुडं हाय. चाळीस मीटर पुढे निघालं.

मी लगेच म्हटलं, याचे क्रेडिट धरू. तो म्हणाला, अकरा वर्सं हेच करतंय, तवा नव्हते काय?

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

२५ जुलै

त्याची कार्यनोंदवही परत पाठवली. ‘या कामातून काय शिकलात?’ हा रकाना कोरा. रकाना मीच ठेवलाय, सक्तीचा आहे.

१ ऑगस्ट

पुन्हा कोरा. पुन्हा परत. जागृती म्हणते, नको ना छळूस त्याला. छळ नाही, मूल्यमापन आहे. बाकी रकान्यांत अक्षर सुधारलंय. डिग्री तीन वर्षांत होईल. पप्पांना तारीख सांगावी का, विचार करतेय.

११ ऑगस्ट

रकाना भरून आला.

‘पानी कुठं मुरतं ते मला आधीच कळत होतं. मी कमी आहे, हे इथं शिकलो.’

सोबत योजनेतून नाव मागे घेतल्याचा अर्ज. चिंचोटीकडे बदलीही मागितलीय. विलास सरांनी सही केली. म्हणाले, चांगला माणूस गेला, उत्तर तपासून फाइल बंद करा.

उत्तर मुद्देसूद आहे. चूक सापडत नाही. चार वेळा तपासलं.

१२ ऑगस्ट

पाठवायचा मजकूर:

जितेश, पप्पांनी फक्त विचारलं होतं. तू बारावी आहेस असं सांगितल्यावर ते ‘बरं’ म्हणाले आणि जेवायला बसले. पदवीधर हवा, हे माझं होतं. ते मी त्यांच्या नावावर घातलं. तू विचारलंस तेव्हाही खरं सांगितलं नाही. तू कमी नव्हतास. मला एकदा भेटशील का? हो किंवा नाही, शुक्रवार २२ ऑगस्टपर्यंत कळव.

हेमांगी