मोकळी धावपट्टी

११ मार्च २००३

घरी बसवलंय मला! कंपनीचा कागद बॅगेत आहे, पुढच्या मंगळवारपर्यंत सही करून पाठवायचा. एकच वाक्य — 'उड्डाणाच्या वेळी धावपट्टी मोकळी होती, मदत मागणारे कोणीही नव्हते.' सही केली की पुन्हा विमान. नाही केली की लायसन्सची चौकशी.

झरीना म्हणते, "कर ना सही, भाई! दोन घास जेवण तरी जाईल." धाकटी बहीण, पण हुकूम अम्मीसारखा.

होते पण ना. चौदा होते!

१२ मार्च

लिहूनच टाकतो. रविवारी दुपारी तिकडे पूर्वेकडच्या राज्यातल्या टीचभर विमानतळावर बंदवाल्यांचा जमाव कुंपण मोडून आत घुसला. 'परके चालते व्हा!' धावपट्टीवर दगड टाकले. माझं विमान खच्चून भरलेलं. शिडीपाशी धावपट्टीच्या कामावरचे मजूर धावत आले — आमच्या वांगणीचे! त्यातला जिवा ओळखीचा. दर फेरीला विचारायचा, "जव्हारात काय नवीन?"

म्हणाला, "साहेब, आमाला पन न्या."

मी म्हणालो, "जागा नाही रे. यांना उतरवून तासाभरात परत येतो."

परत जाऊच दिलं नाही. विमानतळ बंद. आणि आता तिथे मजूर होते हेच कोणी कबूल करत नाही.

एक मात्र कळत नाही. विमान वळवून टोकाशी आणलं तेव्हा पट्टी खरंच साफ होती. दगड गेले कुठे?

१३ मार्च

आमच्या जव्हारच्या दुकानात सकू आली. जिवाची बायको. इथल्या बायका कलेक्टरलाही 'तू' म्हणतात.

"तूच ना त्यो इमानवाला? जिवा फोनवर बोल्लेला, शिमग्याला तुझ्याच इमानातून येन. कवा उतरवतंस त्याला?"

शिमग्याला कामावर गेलेला प्रत्येक माणूस घरी येतो इथे. सोमवारी होळी आहे. मी काय म्हणालो? "बघू." बघू म्हणे! थू माझ्यावर.

जाताना म्हणाली, "जागा साफ केलीय."

१४ मार्च

वांगणीला जाऊन आलो. गावावरच्या माळावर — या अल्ला! लांबच लांब सरळ पट्टा, झाडून लख्ख केलेला. दोन्ही कडांना चुना फासलेले दगड. जिवाने तिला सांगितलं होतं म्हणे, पट्टीवर खडा राहिला तर इमान उठत नाही. मी समजावलं, बाई, इथे विमान उतरत नाही. ती नुसती हसली. मीच खुळा!

कडेला एक धोंडा होता. हलवायला चार गडी लागतील. "हा कोणी सरकवला?"

"जिवानं. पहाटंचा येतो, दगड उचलतो, जातो. बोलत नाय."

पट्टी कोणी साफ केली ते तेव्हा कळलं. मी त्यांना नाही म्हणालो, आणि त्यांनी माझ्यासाठी दगड उचलले. मी तासाभरात परत येणार म्हणून!

१५ मार्च

सही केली नाही. कागद फाडलाही नाही. भित्रा!

१६ मार्च

सकू पुन्हा आली, वांगणीहून चालत. उंबऱ्यावरच उभी. झरीनाने चहा दिला, घेतला नाही.

"आज बोलला त्यो."

"काय?"

"माझं नको बघू म्हनला. तेरा जन सिमेटच्या खोलीत हायत, तांदूळ सपला. इमानवाल्याला सांग."

सिमेंटचं गोदाम आहे तिथे, पत्र्याचं, पट्टीच्या टोकाला. जिवाने कधी फोनवर सांगितलं असेल. असेलच. पण तेरा? आणि तांदूळ?

कागद फाडला. 'चौदा माणसं मागे सोडून मी उडालो, गोदाम उघडून बघा' — लिहून कंपनीला आणि तिथल्या पोलिसांना फॅक्स केला. लायसन्स जाईल तर जाऊ दे. झरीना रडली, पण अडवलं नाही.

१७ मार्च

होळी. दिवसभर फोनपाशी बसलो. वाजला नाही.

१८ मार्च

सकाळी तिथल्या पोलिसांचा फोन आला. गोदामात तेरा जण सापडले. जिवंत! तांदूळ शनिवारीच संपला होता. जिवा त्या रविवारीच गेला. शेवटचा धोंडा बाजूला लोटल्यावर जमावाने त्याला गाठलं, माझं विमान उठत असताना.

सकूला सांगायला वांगणीला गेलो. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "ठाव हाय. आज आला नाय."

चुन्याचे दगड उचलून एका जागी रचत होती. मीही उचलू लागलो.